पलीकडची शिट्टी

सरांना फोन केला की ते आधी वेळ विचारायचे.

"तुझ्याकडं किती वाजले?"

मी घड्याळात बघून सेकंदासकट सांगायची. ते आपल्या घड्याळाशी ताडून बघायचे. मग, "माझं चाळीस सेकंद पुढं हाय. हां, बोल आता."

पुढच्या बोलण्याचा वेळेशी काहीही संबंध नसे. काकूंचे गुडघे, तुरीचं पीक, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची बदली, असंच काहीतरी असायचं. पण घड्याळांतला फरक कळल्याशिवाय ते बोलणं सुरू करत नसत. धाराशिवमधल्या निम्म्या ओळखीच्यांनी या कारणाने त्यांना फोन करणं सोडलं होतं, उरलेल्यांना सवय झाली होती. घड्याळ एकदा नीट लावून का घेत नाही, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लावून काय हुतंय? चार दिसांनी परत पुढं पळतंय. दोन घड्याळं कधी एक होत न्हाईत, बाळ. फरक किती ते ठावं असलं की भांडण न्हाई."

मी नेटवर्कवर चालणाऱ्या खेळांचं प्रोग्रॅमिंग करते. दोन यंत्रांनी एकमेकांशी खेळायला लागण्याआधी नेमकं हेच करायचं असतं, हे मला पुण्यात दोन वर्षं नोकरी केल्यावर समजलं. सरांना ते खो-खोचे पंच म्हणून तीस वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून समजलं होतं.

सर जाऊन दहा महिने झाले. शाळेच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिहून मागितलं, तेव्हा मी एक पान दिलं. त्यात त्यांनी घडवलेले संघ होते, जिंकलेल्या ढाली होत्या, शिस्त होती. सगळं खरं होतं, पण वाचून बघितलं तर त्यात सर नव्हते. हे त्यानंतर लिहिते आहे, जमेल तसं.

मला पळता येत नसे. शाळेत खेळाच्या तासाला मी लिंबाखाली पुस्तक घेऊन बसायची. दुसऱ्या कुणी रागावून उठवलं असतं. सरांनी पुस्तक काढून घेतलं, हातात गुणपत्रक दिलं आणि म्हणाले, "पळता येत न्हाय तर लिही. पण बघून लिही, ऐकून लिहू नको." पुढे चार वर्षं मी शाळेच्या संघाची गुणलेखक होते. मैदान मी पायांनी शिकले नाही, रेघांवरून शिकले. दोन टोकांना दोन खांब. त्यांना जोडणारी मधली पाटी. पाटीवरच्या चौकोनांत एकाआड एक उलट्या दिशांना तोंडं करून बसलेल्या आठ मुली, आणि नववी पाठलाग करणारी. पळणारीला मधली पाटी हवी तितक्या वेळा ओलांडता येते. पाठलाग करणारीला ओलांडता येत नाही; तिचा पाय पलीकडे पडला की फाऊल. सगळा खेळ या एका भेदावर उभा आहे. आणि पाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पंच असतो, कारण एका बाजूने सगळं दिसत नाही.

सर बुटके होते, कमरेत किंचित वाकलेले. पंच वाकूनच धावतो, वय झालं तरी शरीर सरळ होत नाही, असं ते सांगायचे. त्यांच्या बोलण्यात मत फारसं नसे, निकालच असत. बाजारात पपई दाबून बघायची आणि तर्जनी वर करून म्हणायचं, "बाद!" लग्नातलं लांबलेलं भाषण बाद. थांब्यावर न थांबलेली एसटी बाद. एका हॉटेलातली भजी त्यांनी जुन्या तेलापायी बाद केली होती. नंतर ते हॉटेल दुसऱ्याने चालवायला घेतलं, तेल बदललं, तळणाचा वास रस्त्यापर्यंत यायला लागला. सर त्या वासात घटकाभर उभे राहायचे आणि पुढे निघायचे.

"जावा की आत," काकू म्हणायच्या. "तेल बदललं, मालक बदलला, आता तर भिंतीचा रंग बी बदललाय."

"फैसला बदलत न्हाय."

"मला बघाय आले तवाबी ह्यांनी दोन मिन्टांत फैसला दिला," काकू माझ्याकडे वळून सांगायच्या. "म्या अजून विचार करायलेय."

समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं सरांना जमत नसे. "कळलं, कळलं," म्हणून ते मधेच उत्तर द्यायचे आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. कायम चुकणाऱ्या माणसाला कधीतरी थांबावं लागतं. सरांवर तशी वेळच आली नव्हती.

काही वर्षांपूर्वी मी नोकरी न सोडता धाराशिवला परत आले. कंपनी पुण्यात, काम घरून. त्याच सुमारास कंपनीने फोनवर खेळायचा खो-खो करायला घेतला. दोन संघ, प्रत्येक खेळाडू आपापल्या गावी, आपापल्या फोनवर. सगळ्यांच्या पडद्यावर एकच सामना दिसत राहील हे सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. नियमांच्या काही शंका घेऊन मी सरांकडे गेले. अर्ध्या तासाचं काम होतं. पुढची दीड वर्षं ते चाललं, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "यात पंच कुठं उभा ऱ्हातोय?"

"मुंबईत सर. म्हणजे एक मोठा कॉम्प्युटर असतो तिथं. तोच निकाल देतो."

"आन् पोरी कुठं खेळायल्यात?"

"एक अणदूरला, एक नागपूरला, एक येडशीला. कुठंही."

"मग मुंबईत बसून त्याला दिसतंय कसं?"

"दिसत नाही. प्रत्येक फोन त्याला निरोप पाठवतो, मी इथं आहे, मी वळले, मी हात लावला. त्या निरोपांवरून तो..."

"कळलं, कळलं. आंधळा पंच हाय तुझा."

ते बरोबर होतं.

पण त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही, आंधळ्या पंचाचा खेळ कसा चालतो ते त्यांना बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना त्यांनी कामाला लावलं. एका टोकाला भिंतीच्या आडोशाला भूगोलाचे सर, हे पळणारे. दुसऱ्या टोकाला मराठीच्या बाई, या पाठलाग करणाऱ्या. दोघांकडे मैदान आखलेला चौकटीचा कागद आणि सोंगट्या म्हणून शर्टाची दोन बटणं, एक आपलं, एक दुसऱ्याचं. एकाला दुसरा दिसायचा नाही. मधोमध लिंबाखाली सर स्वतः, पंच म्हणून, तसाच कागद घेऊन. पाऊल टाकलं की चिठ्ठी लिहायची. चिठ्ठ्या पोचवायला एक निवृत्त पोस्टमन होते. ते मैदानाला फेऱ्या मारायचेच. जाता जाता चिठ्ठ्या न्यायच्या, असं ठरलं.

पहिल्या दिवशी नियम असा होता, की पंचाची चिठ्ठी आल्याशिवाय कुणी पुढचं पाऊल टाकायचं नाही. खेळ हललाच नाही. मराठीच्या बाई सोबत विणकाम घेऊन बसायला लागल्या. "एक पाऊल टाकलं, दहा ओळी झाल्या," त्या म्हणाल्या. "थंडीच्या आत स्वेटर होईल, हा गडी काही हाती लागायचा नाही."

तेव्हा मी सरांना सांगितलं की खऱ्या खेळात फोन उत्तराची वाट बघत नाही. आपलं पाऊल आपल्या कागदावर लगेच टाकतो, ते मान्य होईल असं धरून पुढे पळत राहतो. पंचाचा निरोप वेगळा आला, तर निमूट मागे येऊन आपला कागद दुरुस्त करतो.

"म्हंजी पळत बी ऱ्हायचं आन् पंचाचं ऐकायचं बी," सर म्हणाले. "मग शिकवत काय हुतो आमी इतके वर्षं?"

दुसऱ्या दिवशी खेळ वेगाने चालला आणि भलतेच घोळ झाले. पोस्टमन पाचवी चिठ्ठी चौथीच्या आधी द्यायला लागले, कारण चौथी त्यांनी वरच्या खिशात ठेवली होती. सरांनी चिठ्ठ्यांवर आकडे घालायला लावले. एक चिठ्ठी पोचलीच नाही. सरांनी फर्मान काढलं, मिळाली म्हणून उलट चिठ्ठी आल्याशिवाय आपल्याकडची प्रत फाडायची नाही. त्यांच्या लेखी ही मैदानाची शिस्त होती. माझ्या कामात या गोष्टींना मोठी नावं आहेत, ती मी त्यांना सांगितली नाहीत.

चौथ्या दिवशी भांडण झालं. भूगोलाचे सर आपल्या कागदावर पाटी ओलांडून, खांबाला वळसा घालून सुटले होते आणि निवांत शेंगा खात बसले होते. तेवढ्यात पोस्टमनने चिठ्ठी आणली, बाद. कधी? चार पावलांपूर्वी.

ते तरातरा लिंबाखाली आले. "चार पावलं आधीच मेलो व्हय मी? मग ही चार पावलं कोण पळालं?"

"ती धरायची न्हाईत."

"का धरायची न्हाईत? ह्यो कागद बगा. बाई माझ्यापासून तीन घरं लांब हाईत."

"तुमच्या कागदावर. बाईच्या कागदावर तुमी हाताखाली हाईत. त्यांची चिठ्ठी मला आधी गावली. बाद!"

भूगोलाचे सर दोन दिवस चहाला आले नाहीत. मला मात्र त्या भांडणाचा फार उपयोग झाला. आमचा खेळ तपासणाऱ्या मुलींच्या तक्रारी अगदी याच शब्दांत येत होत्या. मी सुटले होते, तरी बाद कशी? त्या संध्याकाळी सरांच्या ओट्यावर बसून मी त्यांना ते समजावत होते. बोलता बोलता मी म्हणाले, "यात खोटं कुणीच बोलत नसतं, सर. स्वतःचं पाऊल स्वतःच्या फोनवर त्याच क्षणी दिसतं. दुसऱ्याचं पाऊल वाटेत वेळ खाऊन येतं. त्यामुळे प्रत्येकाला आपलंच आधी घडलं असं वाटतं. दोघंही प्रामाणिकपणे."

"कळलं, कळलं," असं ते म्हणाले नाहीत. हातातला कप त्यांनी ओट्यावर ठेवला आणि तो तसाच राहिला.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. ते उठून आत गेले. काकू बाहेर येऊन मला म्हणाल्या, "काय बोललीस गं त्यांना? चा टाकून गेलेत. जन्मात कधी चा टाकला न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि एक सामना सांगितला.

मी शाळेत येण्याच्या बऱ्याच आधीचा, जिल्ह्याच्या मुलींचा अंतिम सामना. शेवटची दोन मिनिटं. सर एका बाजूला पंच, पलीकडच्या बाजूला त्या वर्षी नवीनच लागलेला एक तरुण पंच. नऊ नंबरची एक मुलगी पळत होती, नाव त्यांना आठवत नव्हतं, ते तिला नऊ नंबरच म्हणायचे. ती शेवटपर्यंत टिकली असती तर तिचा संघ जिंकत होता, आणि राज्याच्या संघात तिची जागा जवळपास ठरलेली होती. ती पाटीवरून निसटताना पाठलाग करणारीने झेप घेतली. सरांना तिचा हात नऊ नंबरच्या पाठीला लागलेला दिसला. पलीकडच्या पंचाला तिचा पाय पाटी ओलांडून गेलेला दिसला. हात आधी लागला असेल तर नऊ नंबर बाद. पाय आधी पडला असेल तर फाऊल, आणि ती वाचली. दोघांनी शिट्ट्या मारल्या.

मुख्य पंचांनी दोघांना बोलावून एकच विचारलं, कुणाची शिट्टी आधी?

"म्या सांगितलं, माझी. तो म्हणला, माझी. म्या म्हणलं, तीस पावलांवरनं ऐकू येतंय मला, तुझी मागनं आली. त्यो पोरगा नवा. दोनदा म्हणला आन् मग म्हणला, सर म्हणतेत तर तसंच असंल."

नऊ नंबर बाद. तिचा संघ एका गुणाने हरला. राज्याच्या यादीत तिचं नाव आलं नाही, आणि त्याच वर्षी तिची शाळा सुटली.

"आजपतुर एकदा बी शंका आली न्हाई मला," सर म्हणाले. "माझ्या कानांनी ऐकलं हुतं की. आता काल तू सांगितलंस. माझी शिट्टी माझ्या तोंडात हुती. तिला माझ्या कानापतुर यायला कितीसा येळ? आन् त्याची मैदानाच्या पलीकडनं आली. सोळा मीटर. किती लागतंय आवाजाला?"

"सेकंदाचा विसावा भाग, सर. साधारण."

"तेवढ्यात पोरगी निसटती?"

मला खोटं बोलता आलं असतं. एवढासा वेळ, त्याने काय होतं, असं म्हणता आलं असतं. पण तेवढ्याच वेळासाठी मी महिनोन्महिने काम करत होते, आणि त्यांनीच मला बघून लिहायला शिकवलं होतं.

"निसटते," मी म्हणाले.

तो दुसरा पंच काही वर्षांपूर्वी वारला होता. सरांनीच ते सांगितलं. "त्याला बी त्याचीच आधी ऐकू आली असंल," ते म्हणाले. "म्या त्याला खोटं ठरवलं. सगळ्यांम्होरं."

त्यानंतर त्यांना एकच गोष्ट हवी होती. नऊ नंबर बाद होती की नव्हती, हे ठरवायचं आणि तिला जाऊन सांगायचं. मी त्यांना सांगून बघितलं की हे आता ठरणार नाही. दोन्ही शिट्ट्यांची वेळ कुणी लिहून ठेवलेली नाही, आणि ज्याची वेळ लिहिलेली नाही त्याचा क्रम नंतर लावता येत नाही. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तिथेच यायचे. बाजारात आता ते फळ हातात घेऊन नुसतेच उभे राहायचे. विक्रेता विचारायचा, "काय सर, बाद का?" ते म्हणायचे, "बघू." काकूंना याचीच जास्त काळजी वाटायला लागली.

मराठीच्या बाईंनी चार ठिकाणी विचारून नऊ नंबरचा पत्ता लावला. ती सास्तूरला दिली होती, घरी शिवणकाम करायची. मी सरांबरोबर जायचं ठरलं. निघताना काकू मला म्हणाल्या, "एकटं सोडू नको गं. आन् तिथं गेल्यावर तिला जरा बोलू द्या म्हणावं."

एसटीत ते खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटत होते, बहुधा काय बोलायचं त्याची तयारी. लोहाऱ्याला गाडी बदलून सास्तूरला उतरलो. भूकंपानंतर नव्याने बांधलेल्या त्या गावातले सरळ रस्ते आणि सारख्या मापाची घरं बघून ते एवढंच म्हणाले, "आखल्यासारखं गाव हाय." रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याने घर दाखवलं.

ती दारातच मशीनवर बसली होती. चाळिशी ओलांडलेली, सडसडीत, तोंडात दोरा. सरांना तिने क्षणभरात ओळखलं.

"सर? आगं माय! या की, आत या. हिकडं कसं काय?"

पाणी झालं, चहा झाला. मग सरांनी सगळं सांगितलं. घड्याळं, चिठ्ठ्या, मुंबईचा आंधळा पंच, भूगोलाच्या सरांची चार पावलं, सोळा मीटर. मला वाटलं तिला यातलं काही कळणार नाही. ती हातातला कपडा मांडीवर ठेवून ऐकत होती.

"म्हंजी म्या बाद नव्हते?" तिने विचारलं.

"तेच ठरवाय आलोय. तुला काय ऐकू आलं? त्याची शिट्टी आधी का माझी?"

"एकच आली सर."

"एकच?"

"म्या पाटीवर हुते की. मधोमध. तुमी हिकडं, ते सर तिकडं. एकच शिट्टी वाजली. लई मोठी वाजली, एवढंच."

मी सरांकडे बघितलं, त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. दोन्ही पंचांपासून सारख्या अंतरावर असलेली त्या मैदानावरची ती एकटीच होती. कुणाचा आवाज आधी, हे सांगण्याचा हक्क कुणाला असेल तर तिला, आणि तिच्या कानांवर दोन्ही बरोबरच आले होते. कुणीच आधी नव्हतं.

सर उठून उभे राहिले. "दोन्ही संगं वाजल्या म्हंजी शंका. शंका असली की फायदा पळणारीला. नऊ नंबर ना..."

"नगं सर," ती म्हणाली.

सर थांबले.

"जिनं मला धरलं ती आता पोलिसात हाय. लोहाऱ्याला दिसती कधी कधी, हात करती. तिचा हात माझ्या पाठीला लागला हुता, ते खरं हाय. अजून ठावं हाय मला कुठं लागला ते. तुमी आता तिचं काढून मला देणार. म्या त्याचं काय करू? ब्लाऊजला लावू?"

आमच्या खेळात सर्व्हरला, म्हणजे मुंबईच्या त्या पंचाला, मागे जाता येतं. कुणाचा निरोप उशिरा आला, तर तो क्षणभर मागचं मैदान पुन्हा मांडून बघतो आणि निकाल सुधारतो. पण फक्त क्षणभर मागे. त्याहून मागे जाऊ देत नाहीत, कारण तोवर बाकीचे त्या निकालावर पाय देऊन पुढे गेलेले असतात. मर्यादेचा तो आकडा मीच लिहिला होता. तिने तो न शिकता सांगितला.

"मग मी काय करू?" सरांनी विचारलं. त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता.

"बसा. ऐका," ती म्हणाली. "त्या दिशी तुमाला इचारलं, त्या सरांना इचारलं. मला कुणी इचारलंच न्हाई. घरी गेल्यावर तर काय, आमच्या घरात खो-खो कशाशी खातेत ते बी कुणाला ठावं नव्हतं. शेवटच्या दोन मिन्टांत म्या काय पळले सर! कुणाला सांगितलंच न्हाई कधी."

तिच्या या बोलण्यावरून मी पुढे आमच्या खेळात एक ओळ घातली. खेळाडू बाद झाला की त्याला विचारायचं, तुम्हाला काय दिसलं? उत्तराने निकाल बदलत नाही. कंपनीत मला विचारलं, मग विचारायचं कशाला? मला नीट सांगता आलं नाही. ओळ राहिली.

ती मशीनवरून उठली. पदर खोचला, कपड्यावर खुणा करायचा खडू घेतला आणि अंगणातल्या फरशीवर एक लांब रेघ ओढली. एका टोकाला पाण्याची घागर ठेवली, दुसऱ्या टोकाला स्टूल. "ह्यो खांब, ह्यो खांब," ती म्हणाली आणि रेघेच्या कडेने चालायला लागली. पळण्यासारखं नव्हे, पण पावलं त्या वेळचीच होती. "हिथं पहिला खो गेला. म्या आत आले. ती लाल रिबनवाली उठली, तिला उजवीकडनं येता येत न्हाई हे मला पहिल्या डावातच कळलं हुतं. म्हणून म्या तिला सारखी उजवीकडंच न्यायली..."

सर बसले नाहीत. रेघेच्या एका बाजूने, हातभर अंतर ठेवून, कमरेत वाकून ते तिच्याबरोबर चालायला लागले. ती वळली की वळायचे, थांबली की थांबायचे. त्यांना धाप लागत होती. मी पुढे झाले तर त्यांनी हाताने मला बाजूला केलं. ती सांगत होती. कोणती मुलगी कुठे चुकली, कुठे घाम डोळ्यात गेला, कुठे वाटलं की आता झालं. एवढ्या वेळात ते एकदाही मधे बोलले नाहीत.

शेवटी ती रेघेवर आली आणि थांबली. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. आपल्या पाठीमागे, खांद्याच्या जरा खाली तिने हात नेला. "हिथं," ती म्हणाली आणि सरांकडे बघितलं.

सरांनी बोट वर केलं नाही. त्यांनी मान वळवून रेघेच्या पलीकडे बघितलं, जिथे दुसऱ्या पंचाने उभं राहायचं असतं. तिथे दोरीवर वाळत घातलेले कपडे होते, बाकी कुणी नव्हतं. वाकलेल्या अंगाने, धाप आवरत, ते तिकडे बघत उभे राहिले. तीही रेघेवर तशीच थांबली. आम्हा तिघांपैकी कुणीच घाई केली नाही.